जाणिवेच्या अवस्था आणि मादक द्रव्ये : एक विचार

यंदा आमच्या मानसशास्त्र अभ्यास मंडळाने ‘मादक द्रव्यांमुळे जाणिवेचा विस्तार होतो’ या विषयावर वादविवाद ठेवला होता. अनुकूल बाजूच्या वक्त्यांनी सोमरस, शंकराची भांग आणि अमेरिकेतील हिप्पी यांची एकच मोट बांधली. प्रतिकूल बाजूच्या वक्त्यांनी व्यसनमुक्तीच्या भित्तिपत्रकांवरील वाक्ये आवेशाने म्हणून दाखविली. टाळ्या दोघांनाही पडल्या. मी श्रोत्यांत बसलो होतो आणि मला सारखे वाटत होते की, दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली आहे. ती अशी की, पेढ्यात जशी साखर असते तसा द्रव्यात अनुभव आधीच भरलेला असतो आणि द्रव्य पोटात गेले की तो डोक्यात उलगडतो. प्रस्तुत लेखात मला या गृहीतकाचाच विचार करावयाचा आहे.

आरंभी एक लक्षात घेतले पाहिजे की, जाणिवेत बदल घडण्यासाठी द्रव्याची गरज असतेच असे नाही. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्थांतून आपण रोज फिरतो. मांडूक्य उपनिषदाने त्यांचा स्वतंत्र विचार करून चौथी तुरीया मानली, ती कितीतरी शतकांपूर्वी. पाश्चात्त्य प्रयोगशाळेत स्वप्नावस्थेची शारीरिक खूण सापडावयास मात्र १९५३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शिकागो येथील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांच्या बुबुळांची जलद हालचाल होते तो काळ वेगळा काढून दाखविला. त्या काळात उठविलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात.

याहून मौजेचा प्रयोग कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातला. डोनाल्ड हेब यांच्या देखरेखीखाली तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना रोज वीस डॉलर देऊन नुसते पडून राहावयास सांगण्यात आले. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांना मोजे आणि पुठ्ठ्याच्या नळ्या, डोक्याखाली फोमची उशी, आणि कानांवर यंत्राची एकसुरी घरघर. काम काहीच नाही आणि पैसे चांगले. आमच्या वसतिगृहात अशी जाहिरात लागली असती तर रांग लागली असती. पण बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे ते सोसले नाही. आधी ठिपके आणि रेषा दिसू लागल्या, मग नक्षी, आणि पुढे काहींना सबंध देखावे. एकाला बर्फाच्या मैदानावरून खांद्यावर पिशव्या टाकून शिस्तीत चाललेल्या खारींची मिरवणूक दिसली! १९५४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यात कोणी काही प्यालेले नव्हते. बाहेरून येणारे संवेदन तोडले की मेंदू स्वतःच चित्रे काढू लागतो, एवढाच त्याचा अर्थ. आपण ज्याला ‘भ्रम’ म्हणतो त्याचा कच्चा माल आपल्याजवळ नेहमीच असतो.

आता द्रव्यांकडे येऊ. या शतकी कथेतील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण स्वित्झर्लंडमधील बाझल शहरातले आहे. सँडोझ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन हे राय धान्यावर पडणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीवर काम करीत होते. या बुरशीतून बाळंतपणातील रक्तस्राव थांबविणारी औषधे मिळत. १९३८ साली त्यांनी तयार केलेल्या संयुगांपैकी पंचविसावे संयुग निरुपयोगी म्हणून बाजूला पडले. पाच वर्षांनी ते पुन्हा बनविताना, १६ एप्रिल १९४३ रोजी, त्यांना चमत्कारिक गुंगी आली. संशय येऊन १९ एप्रिलला त्यांनी मुद्दाम पाव मिलिग्रॅम घेतले. एवढ्या अल्प मात्रेने काय होणार, ही त्यांची सावधगिरी होती. प्रत्यक्षात ती मात्रा फार मोठी ठरली. प्रयोगशाळेतील मदतनिसाला बरोबर घेऊन ते सायकलवरून घरी निघाले. युद्धामुळे मोटारी मिळत नव्हत्या. घरी पोचल्यावर दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना चेटकीण दिसली. आपण मरतो आहोत किंवा वेडे झालो आहोत याची त्यांना खात्री वाटली. डॉक्टरांनी येऊन तपासले, तर विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काहीच विशेष आढळले नाही. मग भीती ओसरली, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे रंगांची आतषबाजी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी अतिशय रुचकर लागली आणि बाग नुकतीच घडविल्यासारखी दिसली. हेच एल.एस.डी.

मला या हकीकतीत रस आहे तो एका वेगळ्याच कारणासाठी. एकाच माणसाच्या पोटात, एकाच मात्रेने, एकाच संध्याकाळी नरक आणि स्वर्ग दोन्ही होऊन गेले. डॉक्टरांनी नाडी पाहून ‘धोका नाही’ असे सांगितल्यावर दुसरा भाग सुरू झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रसायन तेच होते. माणसाला त्याचा जो अर्थ लागत होता तो पालटला.

रसायनाचा भाग थोडक्यात सांगतो. एल.एस.डी., मेक्सिकोतील अळंबीमधील सायलोसायबिन आणि पेयोटे निवडुंगातील मेस्कलिन ही तिन्ही द्रव्ये मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहकाच्या एका विशिष्ट ग्राहकावर जाऊन बसतात. तो ग्राहक आधीच दुसऱ्या औषधाने अडवून ठेवला, तर सायलोसायबिनचा भ्रमकारक परिणाम होत नाही, असे झुरिक येथे १९९८ साली दाखविण्यात आले. म्हणजे कुलूप कोणते ते ठाऊक आहे. पण दार उघडल्यावर आत काय दिसेल हे कुलपावरून सांगता येत नाही.

याचा उत्तम पुरावा दोन विद्वानांनी आपल्या लेखणीने ठेवला आहे. १९५३ च्या मे महिन्यात आल्डस हक्सले यांनी डॉ. हम्फ्री ऑस्मंड यांच्या देखरेखीखाली चार दशांश ग्रॅम मेस्कलिन घेतले. फुलदाणीतील तीन फुले आणि स्वतःच्या विजारीच्या चुण्या यांत त्यांना अस्तित्वाचे रहस्य दिसले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. ते वाचून ऑक्सफर्डचे प्राध्यापक झेनर संतापले. भारतीय धर्मांचे ते मोठे अभ्यासक, पुढे गीतेचे भाषांतर करणारे, आणि श्रद्धावान कॅथलिक. ईश्वरसाक्षात्कार आणि निवडुंगाचा अर्क एकाच पंक्तीला बसविणे त्यांना मान्य होईना. त्यांनी १९५५ साली स्वतः मेस्कलिन घेऊन पाहिले. त्यांना काय दिसले? सारे जग एक फार्स आहे असे वाटून ते हसत सुटले! हक्सले वेदान्ताचे वाचन करून, काहीतरी भव्य दिसेल या अपेक्षेने बसले होते. झेनर यात काही अर्थ नाही हे सिद्ध करावयास बसले होते. दोघांनाही हवे ते मिळाले. झेनर यांचे १९५७ चे पुस्तक आज फारसे कोणी वाचत नाही. मला वाटते, तर्काच्या दृष्टीने ते हक्सलेंच्या पुस्तकापेक्षा सरस आहे, आणि वाचावयास मात्र कंटाळवाणे.

समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९५३ साली हाच मुद्दा गांजाच्या संदर्भात मांडला. पन्नास जणांच्या मुलाखती घेऊन त्यांनी दाखविले की, गांजाची नशा शिकावी लागते. ओढावयाचे कसे हे शिकावे लागते, शरीरात जे होते आहे ती ‘नशा’ आहे हे ओळखावयास शिकावे लागते, आणि ते सुखद आहे असे मानावयासही शिकावे लागते. हे सारे शिकविणारे असतात ते सोबती. पहिल्यांदा ओढणाऱ्या पुष्कळांना काहीच होत नाही किंवा नुसती चक्कर येते.

माझ्या मामांच्या गावी महाशिवरात्रीला वाड्यात थंडाईचे दोन हंडे होतात. एक मुलाबाळांसाठी साधा, दुसरा मोठ्यांसाठी. एका वर्षी नवे जावई आले होते. त्यांनी दोन पेले घेतले, तासभर खांबाला टेकून हसत होते, मग ‘पाय जमिनीला लागत नाहीत’ म्हणून तक्रार करू लागले. मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, “अहो जावईबापू, तुम्ही पोरांच्या हंड्यातलं प्यालात की!” जावई क्षणात सरळ बसले. आमच्या घरात हा विनोद म्हणून सांगितला जातो. मानसशास्त्राच्या वर्गात ‘प्लासिबो’ हा शब्द आला, तेव्हा मला प्रथम मामींचा आवाज आठवला.

येथे कोणी म्हणेल की, मग सारा अपेक्षेचाच खेळ. तसेही नाही, आणि हे दाखविणारा प्रयोग फारच रोचक आहे. १९६२ साली गुड फ्रायडेच्या दिवशी बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये, हार्वर्डचे संशोधक वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांना एकत्र बसविले. वरच्या मजल्यावर हॉवर्ड थर्मन यांचे प्रवचन चालू होते, ते खालच्या प्रार्थनागृहात ऐकू येत होते. दहा जणांना सायलोसायबिन दिले होते, दहा जणांना निकोटिनिक आम्ल. कोणाला काय हे कोणालाच सांगितलेले नव्हते. निकोटिनिक आम्लाने अंग तापते, चेहरा लाल होतो. त्यामुळे ते घेतलेल्यांना आधी वाटले की द्रव्य आपल्यालाच मिळाले. अपेक्षा तीच, जागा तीच, प्रवचन तेच. केवळ अपेक्षेने काम भागत असते, तर दोन्ही गटांत सारखेच अनुभव आले असते. पण गूढानुभवाची लक्षणे सायलोसायबिनच्या गटात कितीतरी अधिक आढळली. अर्थात अर्ध्या-पाऊण तासातच कोणाला काय मिळाले हे सर्वांना कळून चुकले. कारण दहा जण प्रार्थना करीत शांत बसले होते आणि उरलेल्यांपैकी कोणी जमिनीवर आडवे झाले होते, कोणी फिरत होते.

या प्रयोगाची एक उत्तरकथा आहे. रिक डॉब्लिन यांनी सुमारे पाव शतकानंतर त्या वीस जणांपैकी सोळा जणांना शोधून काढले आणि १९९१ साली आपला वृत्तान्त छापला. सायलोसायबिन घेतलेल्यांनी तो दिवस आयुष्यातील महत्त्वाचा म्हणून सांगितला. परंतु हेही उघड झाले की, त्यांतील एक जण भ्रमाच्या भरात चॅपलबाहेर रस्त्यावर गेला होता, आणि त्याला शांत करण्यासाठी इंजेक्शन द्यावे लागले होते. पान्के यांच्या प्रबंधात याचा उल्लेख नव्हता. चांगल्या हेतूच्या संशोधकाकडूनही असे घडते. मादक द्रव्यांवरील लेखन वाचताना, मग ते स्तुतीचे असो वा निंदेचे, काय गाळले आहे हे शोधण्याची सवय मला त्यानंतर लागली.

आता आपल्या देशाकडे वळतो. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे, आणि चरस म्हणजे त्याचा चीक, झाड एकच. त्यातील मुख्य घटक टी.एच.सी. हा १९६४ साली इस्राएलमधील गाओनी आणि मेशुलाम यांनी वेगळा केला. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळतो. आपल्या लोकांनी भांग दुधाबदामात घोटली, हे रसायनशास्त्र न शिकता साधलेले रसायन म्हणावयास हरकत नाही. धुराचा परिणाम काही मिनिटांत होतो, तर पोटातून जाणारी भांग चढावयास तास-दीड तास घेते. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारे होळीच्या दिवशी दवाखान्यात का दिसतात, त्याचे उत्तर यात आहे. पुढे १९९२ मध्ये जेरुसलेम येथे असे आढळले की, टी.एच.सी. ज्या ग्राहकावर बसतो त्यावर बसणारा एक पदार्थ मेंदू स्वतःच तयार करतो. शोधकांनी त्याला नाव दिले ‘आनंदमाइड’, संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून.

कायद्याची बाजू थोडी चमत्कारिक आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा आणि चरस यांना बंदी घातली, पण फुलोऱ्याविना असलेली पाने व्याख्येतून वगळली. त्यामुळे भांग राज्यांच्या कायद्यांकडे राहिली. या भेदाची मुळे शंभर वर्षे मागे जातात. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सभासद, त्यांत तीन हिंदी. ११९३ साक्षी घेऊन आयोगाने १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. बेताने सेवन केल्यास गंभीर अपाय दिसत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे; सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण हवे, असे त्याचे मत पडले. सरकारला कराचे उत्पन्न हवे होते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही अहवालातील एक भाग मला मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा वाटतो, आणि तो म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीचा.

गांजाने वेड लागते हा समज इस्पितळांच्या आकडेवारीवर उभा होता. आयोगाने विचारले की, हे आकडे आले कोठून? १८९२ साली दाखल झालेल्या रोग्यांची प्रकरणे एकेक करून तपासण्यात आली. तेव्हा दिसले ते असे : रोग्याला आणणाऱ्या पोलिसाजवळ एक छापील कागद असे. त्यात ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. रकाना रिकामा ठेवणे बरे नव्हे. माणूस गांजा ओढीत असे एवढे कळले की तेथे ‘गांजा’ लिहिले जाई. इस्पितळात तेच नोंदवहीत उतरे. वर्षअखेरीस तेच आकडे होऊन सरकारकडे जात. चौकशीअंती त्यातील पुष्कळ नोंदी टिकल्या नाहीत.

हे मी एखाद्या जुन्या अहवालातील मौज म्हणून वाचले नाही. दुसऱ्या वर्षी वसतिगृहात माझा खोलीतील सोबती परभणीकडचा होता. हुशार, अबोल, इतिहासात पहिला येणारा. दिवाळीनंतर तो गांजा ओढू लागला. जानेवारीत त्याला आवाज ऐकू येऊ लागले. मेसमधील आचारी आपल्या आमटीत काहीतरी घालतो अशी त्याची खात्री झाली. एका पहाटे तो गच्चीवर जाऊन उभा राहिला, तेव्हा आम्ही चौघांनी त्याला खाली आणले. त्याचे वडील रात्रीच्या एस.टी.ने आले. ऑफिसात उभे राहून म्हणाले, “साहेब, पोरगं गुणाचं व्हतं. गांजानं घात केला.” वसतिगृहाच्या रजिस्टरात लिहिले गेले : ‘गांजाच्या व्यसनामुळे घरी पाठविले.’ त्याच्या थोरल्या बहिणीने मात्र सामान बांधता बांधता मला सांगितले की, बारावीच्या वर्षापासूनच तो दाराला कडी लावून बसे, शेजारी आपल्याविषयी बोलतात म्हणे, आणि दोन-दोन दिवस जेवत नसे. तेव्हा गांजा नव्हता. तो ओढू लागला तो कदाचित ते बोलणे थांबावे म्हणून.

मग कारण कोणते? ‘गांजा निर्दोष आहे’ असे म्हणण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. १९६९-७० साली स्वीडनमध्ये सैन्यात भरती झालेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नासांहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघाले. इतर घटक हिशेबात घेतल्यावर हा आकडा बराच उतरला, पण शून्यावर आला नाही. नंतरच्या अभ्यासांतूनही कोवळ्या वयात, नित्य आणि तीव्र गांजा घेणाऱ्यांना धोका अधिक असल्याचे दिसले आहे. त्याच वेळी हेही खरे की, त्या पन्नासांहून अधिक वेळा घेणाऱ्यांतील बहुसंख्यांना हा आजार झाला नाही. आधीपासूनचा कल, वय, मात्रा, एकटेपणा यांच्या गुंत्यातील गांजा हा एक धागा आहे; ज्याचा कल आधीच तिकडे आहे त्याने तो ओढला तर गाठ पक्की बसते. माझ्या सोबत्याच्या डॉक्टरांनीही असेच सांगितले, आणि गांजा पुन्हा शिवावयाचा नाही अशी सक्त ताकीद दिली. तो आता औषधे घेतो, बरा आहे, शेतावर जातो. यंदा त्याने पुन्हा प्रवेशासाठी अर्ज केला आहे. आजारातून उठलेल्या विद्यार्थ्याला आणि व्यसनावरून काढलेल्या विद्यार्थ्याला एकाच तराजूत घालावयाचे का, हा प्रश्न त्या रजिस्टरातील एका ओळीमुळे उभा राहिला आहे. त्या ओळीखाली डॉक्टरांचा दाखला जोडावा असा अर्ज आम्ही चौघांनी दिला आहे.

शेवटी वादविवादातील मूळ प्रश्न : या अवस्थांत ज्ञान मिळते का? विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ साली एडिंबरो येथे दिलेल्या व्याख्यानांत गूढानुभवाची जी चार लक्षणे सांगितली, त्यांत ‘आपल्याला काहीतरी कळले’ ही खात्री हे एक आहे. जेम्सनी स्वतः हास्यवायू हुंगून पाहिला होता. त्या धुंदीत विश्वाचे कोडे सुटल्यासारखे वाटून त्यांनी भराभर वाक्ये लिहून काढली. शुद्धीवर येऊन वाचली, तर ती निरर्थक बडबड होती. विशेष हे की, त्यांनी ती फाडून टाकली नाहीत. १८८२ साली छापून टाकली. कळल्याची खात्री आणि कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून प्रामाणिकपणे कोणी दाखविले असेल असे मला वाटत नाही. तरीही त्या अवस्थांना जेम्सनी मूर्खपणा म्हटले नाही.

आपल्याकडे पतंजलींनी कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धींची जी पाच उगमस्थाने दिली, त्यांत जन्म, मंत्र, तप आणि समाधी यांच्याबरोबर औषधीही घेतली आहे. म्हणजे वनस्पतीतूनही काही प्राप्त होते हे त्यांनी नाकारले नाही. पण पुढे लगेच ध्यानातून घडलेल्या चित्तालाच त्यांनी संस्कारशेषापासून मुक्त मानले. बाकीचे संस्कार मागे ठेवून जातात. हक्सले-झेनर वादावर हे आधीच दिलेले उत्तर आहे असे मला वाटते.

समाधी म्हणजे तरी एकच अवस्था का? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि सिंग यांनी १९६१ साली योग्यांच्या मेंदूचे आलेख काढले. प्रखर प्रकाश, मोठा आवाज, तापलेल्या काचनळीचा स्पर्श. आलेखातील संथ अल्फा लहर मोडली नाही. दोघांनी तर चार अंशांच्या थंड पाण्यात पाऊण तासाहून अधिक हात बुडवून ठेवला. पाच वर्षांनी जपानमधील कासामात्सु आणि हिराई यांना झेन साधूंत उलटेच आढळले. ध्यानात बसलेल्या साधूपुढे ‘टक्’ असा आवाज वीस वेळा केला, तर प्रत्येक वेळी मेंदूने तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखी दाद दिली. एक जगाकडे पाठ फिरवून बसला होता, दुसरा जगाला सताड दार उघडून. दोघेही ‘ध्यानस्थ’.

वादविवादात एका वक्त्याने रिचर्ड आल्पर्ट यांची गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या. हार्वर्डमधून १९६३ साली काढून टाकलेले हे मानसशास्त्रज्ञ १९६७ साली भारतात आले आणि नीमकरौली बाबांचे शिष्य होऊन रामदास झाले. त्यांनी सांगितले आहे की, बाबांनी त्यांच्याजवळील एल.एस.डी.ची भरपूर मात्रा मागून घेतली आणि त्यांना काहीच झाले नाही. गोष्ट सुंदर आहे, आणि या लेखातील माझ्या म्हणण्याला सोयीचीही आहे. ज्याची चित्तस्थिती इतकी निराळी, त्याच्यावर द्रव्य काय करणार? पण प्रसंग सांगणारा एक, तोही शिष्य. आणि तुलनेला निकोटिनिक आम्लाची गोळी नव्हती. मी तो माझ्या वहीत उतरवून घेतला आहे आणि त्याच्यापुढील निष्कर्षाचा रकाना रिकामा ठेवला आहे.